जगवाली मॅडम

देवयानी घोरपडे महापौर झाली त्या दिवशी तिच्या हातून एका माणसाचा डोळा गेला.

चंडीगडात महापौर दरवर्षी नवा. जानेवारीच्या थंडीत सेक्टर सतरामधल्या महापालिकेच्या सभागृहात नगरसेवक जमतात आणि आपल्यातल्याच एकाला वर्षभरासाठी खुर्चीवर बसवतात. त्या वर्षी दोन्ही बाजूंची मतं बरोबरीत होती. सगळा खेळ जोगिंदर कौर नावाच्या एका म्हाताऱ्या अपक्ष बाईवर येऊन थांबला होता आणि ती देवयानीला मत देणार हे आदल्या दिवशीच शहरभर झालं होतं.

देवयानी मूळची कोल्हापूरची. नवरा कर्नल गुरुनाथ घोरपडे, त्याची शेवटची नेमणूक चंडीमंदिरच्या छावणीत झाली. निवृत्तीनंतर त्यांनी सेक्टर चव्वेचाळीसमध्ये घर घेतलं आणि इथलेच झाले. देवयानीनं वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. वॉर्डात पावसाळ्याचं पाणी घरांत शिरायला लागलं तेव्हा ती बायकांना घेऊन रस्त्यावर बसली, आणि पुढच्या निवडणुकीत एका पक्षानं तिला तिकीट दिलं. तोवर तिनं आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता. वर्गातल्या पोरावरसुद्धा नाही.

मतदान सुरू व्हायच्या आधी जोगिंदर कौर आपल्या बाकावरून उठली, तेव्हा सतपाल राणानं तिची वाट अडवली. हा तीन वेळा निवडून आलेला नगरसेवक, अंगानं दांडगा, मालमत्तेचे व्यवहार करणारा. "बीबी, घर चलो," असं म्हणत त्यानं तिचा दंड धरला. तिनं हात झटकला. मग त्यानं तिची वेणीच धरली आणि दोन बाकांच्या मधून तिला दाराकडे ओढायला सुरुवात केली. म्हातारीच्या गळ्यातली चुन्नी बाकाच्या कोपऱ्यात अडकली. तो ओढत राहिला आणि चुन्नी आवळत गेली. तिची जीभ बाहेर आली. चपला सुटून पडल्या. सभागृहात आरडाओरडा चालला होता, दोन मार्शल भिंतीला चिकटून उभे होते, पत्रकारांचे मोबाइल वर धरलेले होते.

"छोड उसे!" देवयानी ओरडली. राणानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं म्हातारीच्या गळ्यातली चुन्नी सोडवायचा प्रयत्न केला, तर त्याची लाथ तिच्या पोटात बसली.

टेबलावर स्टीलचा जग होता, पाण्यानं भरलेला. देवयानीनं तो उचलला आणि मारला. एकदाच. जगाची चोच राणाच्या डाव्या डोळ्यात गेली.

तो लगेच ओरडला नाही. खाली बसला, त्यानं डोळ्यावर दोन्ही हात दाबले, आणि बोटांमधून रक्ताबरोबर काहीतरी पातळ, पांढुरकं गालावर उतरायला लागलं. मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून सभागृह गप्प झालं.

राणाला रुग्णवाहिकेतून नेलं. रक्तावर कुणीतरी गोणपाट टाकलं. आणि मतदान झालं. जोगिंदर कौरनं विस्कटलेल्या केसांनी मत टाकलं. देवयानी एका मतानं महापौर झाली.

घरी आल्यावर ती न्हाणीघरात साडीचा काठ चोळत बसली. गुरुनाथ दारात येऊन उभा राहिला.

"पोटात दुखतंय का?"

"डोळा गेला म्हणे त्याचा."

"तू मारलंस ते बरोबर मारलंस," गुरुनाथ म्हणाला. "म्हातारी मेली असती. पण आता ह्यावर कुणी टाळ्या वाजवल्या तर ऐकू नकोस."

तेवढ्यात त्यांचा मुलगा राजस मोबाइल नाचवत आत आला. सव्वीस वर्षांचा, कॅपिटॉल कॉम्प्लेक्समधल्या हायकोर्टात एका मोठ्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करणारा. आईबाप मराठीत बोलायचे, तो हिंदीत उत्तर द्यायचा, लहानपणापासून तसंच.

"मम्मा, आप वायरल हो गई हो! लोग क्या बोल रहे हैं पता है? जगवाली मॅडम!"

मोबाइलवर तो क्षण पुन्हा पुन्हा चालत होता. हात वर, जग खाली. त्यावर कुणीतरी ढोलाचा ठेका लावला होता.

तिसऱ्या दिवशी देवयानी राणाला भेटायला दवाखान्यात गेली. गुरुनाथ नको म्हणत होता, राजस हट्टानं बरोबर आला. राणा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची बायको दारातच आडवी आली.

"बघायला आलीस? एक राहिलाय, तोही घेऊन जा," असं हिंदीत म्हणून ती देवयानीच्या तोंडावर थुंकली.

देवयानीनं पदरानं तोंड पुसलं. ती वळणार एवढ्यात राजस पुढे झाला. राणाचा मेहुणा मधे पडला तर राजसनं त्याचं डोकं धरून दाराच्या चौकटीवर आपटलं. भुवई फुटली. परिचारिका ओरडल्या, सुरक्षारक्षक धावले. गाडीत बसल्यावर राजस हसत होता.

"कशाला मारलंस त्याला?" देवयानीनं विचारलं.

"आपके लिए," तो म्हणाला.

मनात कुठेतरी तिला बरंही वाटलं होतं. गालावर अजून थुंकीचा ओलावा जाणवत होता.

राणानं केलेली तक्रार टिकली नाही. चित्रफितीत म्हातारीचा गळा आवळलेला स्पष्ट दिसत होता.

महापौरपदाचं ते वर्ष कामाचं होतं. देवयानीनं नाले उपसून घेतले, कचऱ्याच्या ठेकेदाराला वठणीवर आणलं, वसाहतींमधल्या नळांना पाणी आणलं. पण लोकांना ती नाल्यांसाठी आठवत नव्हती. उद्घाटनाला जाईल तिथे तिला हार घालायचे आणि हातात स्टीलचा जग द्यायचे. फोटोसाठी तो वर धरायला लावायचे. पहिल्यांदा तिनं नकार दिला. नंतर धरायला लागली.

उन्हाळ्यात एका वसाहतीत उघड्या गटारात पडून शाळकरी मुलगी मेली. देवयानी तिथे पोचली तेव्हा प्रेत नुकतंच वर काढलं होतं. मुलीच्या तोंडात, नाकात काळा गाळ भरलेला. तिची आई मूठमूठ माती घेऊन स्वतःच्या डोक्यावर मारत होती. पालिकेचा कनिष्ठ अभियंता बाजूला उभा होता, तिशीतला, घामानं भिजलेला. "मॅडम, झाकणाचं टेंडर अजून..." एवढंच तो बोलला. देवयानीनं त्याच्या कानशिलात लगावली. चष्मा गाळात पडला. गर्दीतून आरोळी उठली, तशी तिनं दुसरी लगावली. दुसरी मारताना तिला राग नव्हता. ते तिला स्वतःलाच कळलं, आणि तरी हात थांबला नाही.

तो अभियंता आदल्याच आठवड्यात त्या भागात बदलून आला होता, हे तिला नंतर समजलं. त्याची माफी मागावी असं तिनं ठरवलंही. पण तोवर ती चित्रफीतही शहरभर फिरली होती, आणि पक्षाच्या कार्यालयातून फोन आला की दिल्लीत तुमचं नाव घेतलं जातंय.

राजसनं वकिली सोडली. तो आता आईचं सगळं बघायचा. सभा, गाड्या, पोस्टर, पोरं. पोरं कुठून कुठून आली होती, कुणी व्यायामशाळेतली, कुणी कॉलेजातून काढलेली. काळ्या जीपगाड्यांच्या काचेवर त्यांनी स्टीलच्या जगाचं चित्र चिकटवलं होतं. त्यांना सगळे 'टीम' म्हणायचे. देवयानी खाली आली की ती पोरं वाकून पाया पडायची.

"ही फौज नव्हे," गुरुनाथ एकदा जेवताना म्हणाला. "फौजेत बंदूक देण्याआधी माणसाला थांबायला शिकवतात. ह्यांना कुणी शिकवलंय?"

"पापा, पॉलिटिक्स है ये," राजस म्हणाला आणि ताट सरकवून उठला.

पुढच्या वर्षी लोकसभेच्या निवडणुका लागल्या आणि चंडीगडच्या एकुलत्या एक जागेसाठी पक्षानं देवयानीला उभं केलं. विरोधी पक्षानं जुना खासदार दिला होता. त्याच्या प्रचाराला सतपाल राणा उघड्या जीपमधून फिरायचा. काळा चष्मा घालायचा आणि सभेत मधेच तो काढून दाखवायचा.

मे महिन्यात एका वसाहतीत देवयानीच्या सभेवर दगड आले. पहिला माइकला लागला, दुसरा तिच्या कपाळाला. रक्त डोळ्यांत उतरलं. टीमची पोरं तिला खाली ओढत होती, ती खाली आली नाही. रक्तानं भरलेल्या चेहऱ्यानं ती बोलत राहिली. समोरच्या बायका उठून उभ्या राहिल्या, रडायला लागल्या. त्या दिवशी निवडणूक फिरली, असं पुढे सगळेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी टीमनं विरोधकांच्या प्रचार कार्यालयावर हल्ला केला. खुर्च्या, बॅनर, कागद सगळं रस्त्यावर आणून पेटवलं. आत चहा करणारा एक पोक्त माणूस होता. त्याचे दोन्ही गुडघे लोखंडी पाइपानं फोडले. तो ओरडत होता की मी कुठल्याच पक्षाचा नाही.

देवयानीला हे संध्याकाळी कळलं. डोक्याला पट्टी बांधून ती पलंगावर पडली होती. राजस आत आला तेव्हा गुरुनाथही तिथेच बसला होता.

"तू होतास तिथं?" तिनं विचारलं.

"आप को जीतना है ना?"

"तू होतास का?"

"हां, था."

गुरुनाथनं उठून मुलाच्या थोबाडीत मारली. राजसनं दुसरी थप्पड हवेतच पकडली. बापाचं मनगट धरून त्यानं पिरगळलं आणि पिरगळतच राहिला. गुरुनाथ ओरडला नाही, फक्त गुडघ्यांवर आला. हाड मोडल्याचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला. तेव्हा राजसनं हात सोडला. आपल्याच तळव्याकडे बघत तो जरा वेळ उभा राहिला आणि बाहेर निघून गेला.

दवाखान्यात प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरला देवयानीनं सांगितलं, "न्हाणीघरात पाय घसरला ह्यांचा." डॉक्टर तिच्या कपाळावरच्या पट्टीकडे बघून म्हणाला, "मॅडम, आमचं सगळं कुटुंब तुम्हालाच मत देणार."

परत येताना गाडीत गुरुनाथ एवढंच म्हणाला, "तू जे खोटं बोललीस ना आत्ता, ते माझ्यासाठी नाही बोललीस."

जूनमध्ये निकाल लागला. देवयानी मोठ्या फरकानं जिंकली. ऊन भाजून काढत होतं, तरी मिरवणूक निघाली. पुढे ढोल, मग ट्रॅक्टर, मग उघडी जीप. जीपमध्ये हारांखाली दबलेली देवयानी, पुढच्या बॉनेटवर राजस, हातात पक्षाचा झेंडा. झेंड्याचा दांडा लोखंडी पाइपाचा होता.

सेक्टर त्रेचाळीसच्या बस स्थानकासमोर मिरवणूक तुंबली. फाटकातून बाहेर पडणारी एक बस मधे अडकली. चालक हॉर्न वाजवत होता, आत माणसं घुसमटत होती. पोरांनी बसच्या काचांवर मुठी मारायला सुरुवात केली. तेव्हा कंडक्टर खाली उतरला. धरमपाल त्याचं नाव. चाळिशीचा, हरियाणातला, खांद्यावर तिकिटांची चामडी पिशवी. त्यानं हात जोडले.

"भाई, सवारी बेहोश हो रही है अंदर. पाँच मिनट रास्ता दे दो."

कुणीतरी त्याच्या तोंडाला गुलाल फासला. त्यानं तो हात बाजूला सारला. तेवढंच. राजस बॉनेटवरून उतरला आणि त्यानं झेंड्याचा पाइप फिरवून त्याच्या कानावर मारला. धरमपाल बसच्या चाकाशी पडला. राजसनं पुन्हा मारलं. मग इतर पोरं तुटून पडली, लाथांनी, जगांनी. मिरवणुकीत नाचवायला आणलेले स्टीलचे जग.

"राजस! बास! राजस!"

देवयानीचा आवाज ढोलात बुडाला. तिनं जीपमधून उडी टाकली, हारात पाय अडकून तोंडावर पडली, रांगत पुढे गेली. पोरांच्या पायांमधून आत शिरली. राजस तिच्यापासून हाताच्या अंतरावर होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो मोजूनमापून, शांतपणे मारत होता. तिनं धरमपालचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा शेवटचा घाव तिच्या खांद्यावर बसला. मग राजसला दिसलं की खाली आई आहे.

धरमपालच्या कानातून रक्त वाहत होतं. तो काहीतरी पुटपुटत होता, तिला ते समजलं नाही. दोन पोरांनी तिला काखेत धरून उचललं, जीपमध्ये बसवलं, कुणीतरी तिच्या मांडीवरच्या रक्तावर हार टाकले. जीप पुढे निघाली.

धरमपाल दुसऱ्या दिवशी मेला. पोलिसांनी 'अज्ञात जमावा'वर गुन्हा नोंदवला. तपास अधिकारी स्वतः घरी आला आणि पेढा खाऊन म्हणाला, "मॅडम, कॅमेरा बंद होता तिथला. आपण काळजी करू नका." दिल्लीहून पक्षाच्या सरचिटणीसाचा फोन आला. "शपथविधी होऊ द्या. बाकी आम्ही बघतो."

देवयानी दिल्लीला गेली. खांदा अजून ठणकत होता. लोकसभेच्या नव्या सभागृहात तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती पुढे गेली, तिनं कागद हातात धरला आणि मराठीतून शपथ घेतली. तिच्या बाकांवरच्या लोकांनी बाकं वाजवली. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "जगवाली." आजूबाजूचे हसले. तीही हसली. खाली बसल्यावर मात्र तिनं डोळे मिटून घेतले.

खासदार म्हणून चंडीगडात तिनं कार्यालय उघडलं. पहिल्याच आठवड्यात रांगेत एक बाई आली. पांढरी ओढणी, बरोबर सासरा. तिनं नाव सांगितलं, कमलेश. धरमपालची बायको.

"बसा," देवयानी म्हणाली.

कमलेशला नोकरी हवी होती. पण ते काम सासऱ्यानं सांगितलं. ती स्वतः वेगळंच विचारायला आली होती.

"मॅडमजी, लोग कहते हैं आप उतरी थीं गाडी से. उन का सिर आप ने गोद में लिया था."

"हो," देवयानी मराठीत म्हणाली आणि मग, "हां." पुढचं ती हिंदीतच बोलली.

"वो कुछ बोले थे क्या?"

"बोलत होते. मला समजलं नाही. खूप आवाज होता."

कमलेशनं मान हलवली. मग तिनं विचारलं, "मारा किसने था? पुलिस कहती है किसी ने नहीं देखा. आप ने तो देखा होगा."

त्या प्रश्नात आरोप नव्हता. तिला खरंच वाटत होतं की ही बाई आपल्या बाजूची आहे, हिनंच त्याला वाचवायला उडी मारली. दारात टीमचा एक पोरगा उभा होता, तो खाकरला.

"मला थोडे दिवस द्या," देवयानी म्हणाली.

ती घरी गेली. गुरुनाथ व्हरांड्यात बसला होता, प्लास्टर अजून निघायचं होतं. तिनं त्याला सगळं सांगितलं, मिरवणुकीपासून. तो ऐकत राहिला.

"तुम्ही काय म्हणता?" तिनं विचारलं.

"आपल्याला एकच आहे गं तो," तो म्हणाला. आणि तो रडायला लागला. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण त्याला रडताना तिनं आजवर पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून तो म्हणाला, "त्याला आधी सांग. पाठीमागून करू नकोस काही."

तिनं राजसला बोलावून घेतलं. स्वयंपाकघरात, दार लावून, ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"उद्या मी दंडाधिकाऱ्यासमोर जबाब देणार आहे. तू माझ्याबरोबर चल. स्वतःहून हजर हो."

राजस हसला. मग त्याला कळलं की ती गंमत करत नाहीये.

"पागल हो गई हो? सीट आपकी है! मैंने दिलायी है!"

"हो. आणि मी घेतली. ते पण सांगणार आहे."

"आप ने मारा तो शेरनी. मैंने मारा तो कातिल?"

"मी मारलं तेव्हा एक बाई मरत होती, राजस. नंतर मी ज्याला मारलं, त्या अभियंत्याला, ते तूही बघितलंस आणि मीही. तिथं कुणी मरत नव्हतं. तिथून हे सुरू झालं, आणि ते माझं आहे. पण तो माणूस हात जोडून उभा होता रे."

राजसनं तिचा गळा धरला. तिची पाठ फ्रिजवर आदळली, वरची भांडी खाली कोसळली. तिनं त्याचे हात ओढले, ते हलेनात. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि बोटं आवळत चालली होती. दार ढकलून गुरुनाथ आत आला. डाव्या हातातल्या काठीनं त्यानं मुलाच्या पाठीवर मारलं. राजसनं मागे न बघता कोपर फेकलं. गुरुनाथ ओट्याच्या कडेवर डोकं आपटून पडला.

तेव्हा हात सुटले. राजसनं बापाकडे पाहिलं, फरशीवर पसरणाऱ्या रक्ताकडे पाहिलं, "पापा," म्हणाला, आणि पळाला.

देवयानीनं गुरुनाथला दवाखान्यात नेलं. यावेळी डॉक्टरनं विचारलं तेव्हा तिनं खरं सांगितलं. गुरुनाथच्या डोक्याला टाके पडले, दोन दिवस तो अतिदक्षता विभागात होता, वाचला. तिथूनच ती दंडाधिकाऱ्याकडे गेली. गळ्यावर बोटांचे निळे वळ होते. ते लपवावेत असं तिच्या मनात आलं होतं, पण तिनं पदर बाजूला केला आणि बोलायला सुरुवात केली. मिरवणुकीत काय झालं, कुणी मारलं, कशानं मारलं, कॅमेरा बंद असल्याचं तिला कुणी सांगितलं, आणि इतके दिवस ती का गप्प बसली.

राजसला झिरकपूरजवळच्या एका फार्महाउसवर पकडलं. तिथेही मारामारी झाली, एका हवालदाराची बोटं मोडली.

पक्षानं देवयानीला निलंबित केलं. ज्यांनी तिला जग दिले होते त्यांनीच घरावर ते फेकले. टीमच्या पोरांनी खिडक्या फोडल्या, गाडी पेटवली. एकदा भाजी आणायला गेली असताना मोटारसायकलवरच्या दोघांनी तिच्या दंडावर ब्लेड मारलं. "माँ है के डायन?" असं ओरडून गेले. सतपाल राणानं पत्रकारांना सांगितलं की ह्या बाईला आता तरी कळलं असेल. तिनं त्यावर उत्तर दिलं नाही. खासदारकी मात्र सोडली नाही. अधिवेशनाला जायची, शेवटच्या रांगेत एकटी बसायची, चंडीगडच्या वसाहतींचे प्रश्न विचारायची. तिच्या शेजारची जागा बहुतेक वेळा रिकामी असे. कमलेशला परिवहन खात्यात नोकरी मिळाली. तिच्या शिफारसपत्रावर देवयानीनं सही केली होती, पण कमलेश पुन्हा तिच्याकडे आली नाही.

खटला सेक्टर त्रेचाळीसच्या जिल्हा न्यायालयात चालला. बसचा चालक आधी घाबरत होता. देवयानीची साक्ष झाल्यावर तोही उभा राहिला. उलटतपासणीत राजसच्या वकिलानं तिला विचारलं, "तुम्ही स्वतः एका माणसाला आंधळं केलंत, हे खरं ना?"

"एका डोळ्यानं," ती म्हणाली. "खरं आहे."

"म्हणजे हिंसा तुमच्या घरात तुम्हीच आणलीत?"

न्यायाधीशांनी प्रश्न नाकारला. तरी ती म्हणाली, "हो."

आरोपीच्या पिंजऱ्यात राजस खाली बघत बसला होता. सदोष मनुष्यवधासाठी त्याला दहा वर्षं सक्तमजुरी झाली. निकाल ऐकून गुरुनाथ बाकावरून उठला आणि बाहेर गेला. धरमपालचा बाप तिथेच उभा होता. दोन म्हातारे एकमेकांसमोर काही क्षण थांबले आणि वेगवेगळ्या दारांनी गेले.

बुडैलच्या तुरुंगात राजसनं आईला भेटायला नकार दिला. ती दर भेटीच्या दिवशी जायची, बाकावर बसायची, शिपाई आत जाऊन यायचा आणि मान हलवायचा. गुरुनाथला तो भेटायचा, तिला नाही. हिवाळा गेला, उन्हाळा आला. एका दिवशी शिपाई आला आणि म्हणाला, "जा आत."

काचेपलीकडे राजस येऊन बसला. बारीक झाला होता. उजव्या भुवईवर ताजे टाके होते, ओठ सुजलेला. तिनं फोन उचलला. त्यानंही उचलला.

"पापा कैसे हैं?"

"बरे आहेत. डोकं दुखतं अधूनमधून."

तिनं टाक्यांकडे बोट दाखवलं.

"कुणी मारलं?"

"किसी ने नहीं. झगडा हुआ था." मग जरा थांबून, "मैंने शुरू किया."

"कशावरून?"

"पानी की लाइन थी. वो आगे घुस गया." त्यानं नजर वळवली. आई आता काय बोलणार, रडणार की रागावणार, ह्याची तो वाट बघत असावा.

"त्याला कुठं लागलं?" देवयानीनं विचारलं.

राजसनं वर पाहिलं. "क्या?"

"त्या माणसाला. कुठं लागलं?"

"दाँत," तो म्हणाला. "दो दाँत टूट गए उसके."

"जेवता येतं का त्याला?"

राजसला ते माहीत नव्हतं. तो तसाच बघत राहिला, फोन कानाला धरून. काचेवर त्याचा श्वास उमटत होता आणि विरत होता.

"नाव काय त्याचं?" तिनं विचारलं.

वेळ संपल्याची शिट्टी झाली, शिपाई त्याच्या मागे येऊन उभा राहिला. राजसनं फोन खाली ठेवायला हात हलवला आणि थांबला.

"महेंदर," तो म्हणाला. "महेंदर नाम है. खाना खा पाता है या नहीं, पूछ के बताऊँगा."